जोखीम जोखण्याच्या दोन रीती



आपल्या भाषेत ‘जोखणे’ असे एक जुने क्रियापद आहे. त्याचा अर्थ तोलणे, वजन करणे, अजमावणे. त्याच्याच शेजारी ‘जोखीम’ हे नाम उभे आहे. त्याचा अर्थ धोका, किंवा तो पत्करल्याने अंगावर येणारी जबाबदारी. सराफाच्या पेढीवर हे दोन्ही शब्द एकाच बैठकीत वावरत आले. जोखीम पत्करावयाची तर ती आधी जोखून पाहिली पाहिजे, हे पेढीवरच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नसे. आज आपण ज्यांना ‘प्रकल्प’ म्हणतो त्या मोठ्या कामांच्या, म्हणजे धरणे, कारखाने, बंदरे, नळवाहिन्या यांच्या बाबतीत हेच जोखण्याचे काम कसे करतात, त्याच्या कोणत्या दोन रीती आहेत, आणि कोणती रीत कोठे उपयोगी पडते व कोठे तोंडघशी पाडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पहिल्या रीतीला गुणात्मक म्हणतात. तीत जोखमीचे वर्णन शब्दांनी करावयाचे असते: मोठी, मध्यम, किरकोळ, वारंवार संभवणारी, क्वचित संभवणारी. दुसरी रीत संख्यात्मक. तीत शंभरात किती वेळा, किती रुपयांचे नुकसान, किती दिवसांचा विलंब, असे आकडे मांडावयाचे असतात. हा विषय गणिताच्या किंवा वाणिज्याच्या शिक्षकांनी शिकवावा, भाषा व इतिहास शिकवणाऱ्याने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. त्यावर उत्तर इतकेच की यातील अर्धा विषय शब्दांचा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात जे घोटाळे होतात त्यांतील बरेचसे आकड्यांचा अर्थ शब्दांत नीट न सांगितल्यामुळे होतात.

प्रथम एक जुने उदाहरण घेऊ, कारण ते आपल्याच गावचे आहे. हजीऱ्याला लागूनच सुवाळीचा किनारा आहे. सतराव्या शतकात सुरतेस येणारी परदेशी जहाजे याच खाडीत नांगर टाकीत. १६१२ साली इंग्रज व पोर्तुगीज यांची आरमारी झुंज येथेच झाली. सुरत हे तेव्हा मोगल साम्राज्याचे मोठे बंदर होते. समुद्रमार्गाने माल पाठवणाऱ्या पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांत ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार चालत असे. साध्या हुंडीचे पैसे मुदत भरली की मिळावयाचे. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप बंदरास लागला तरच मिळावयाचे. जहाज बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडाले. अर्थातच तो ती पूर्ण किमतीस घेत नसे, काही सूट कापून घेई. ही सूट म्हणजेच जोखमीची किंमत. आता ती ठरावयाची कशी? मोसम कोणता, जहाज नवे की जुने, नाखवा कोण, वाटेत चाच्यांचा उपद्रव आहे किंवा नाही, या सर्व गोष्टी शब्दांत सांगण्याच्या आहेत. पण शेवटी वहीत लिहावयाचा तो शेकड्याचा दर. म्हणजे विचार गुणात्मक आणि उत्तर संख्यात्मक. पुढे ज्यांची दोन शास्त्रे झाली त्या दोन रीती हुंडीवाल्याच्या डोक्यात एकत्रच नांदत होत्या.

युरोपात संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला तो १६५४ साली, पास्काल व फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात, आणि तोही जुगाराच्या एका प्रश्नावरून. फाशांचा डाव अर्धवट मोडला तर पैसे कसे वाटून घ्यावेत, हा तो प्रश्न. फाशाला सहा बाजू आहेत आणि प्रत्येकीची शक्यता सारखी, हे तेथे आधीपासून माहीत असते. मोठ्या कामांत अडचण येते ती नेमकी येथेच. नदीला किती बाजू आहेत हे कोणी सांगावे? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट याने १९२१ साली लिहिलेल्या ग्रंथात म्हणूनच दोन शब्द वेगळे काढले: जिची शक्यता मोजता येते ती जोखीम, आणि जिची मोजताच येत नाही ती अनिश्चितता. हा भेद मनात ठेवावा; पुढे तो उपयोगी पडेल.

आता आजचे हजीरा पाहा. तापी जेथे समुद्रास मिळते तेथे, उजव्या तीरावर, पन्नास वर्षांपूर्वी जेथे मुख्यतः शेते, खाजण आणि कोळ्यांच्या वस्त्या होत्या, तेथे १९८० नंतर एकामागून एक प्रचंड कारखाने उभे राहिले. मुंबईच्या समुद्रातील दक्षिण वसई या क्षेत्रातून निघणारा नैसर्गिक वायू समुद्रतळावरील नळीने हजीऱ्यास आणला गेला व १९८५ च्या सुमारास तेथे तो शुद्ध करण्याचे काम सुरू झाले. त्याच वायूपासून खत करणारा सहकारी क्षेत्रातील ‘कृभको’चा कारखाना आला. हजीऱ्यापासून विजयपूर व जगदीशपूरपर्यंत वायू वाहून नेणारी नळवाहिनी निघाली. २००५ साली द्रवरूप वायूची जहाजे उतरवून घेण्याचे बंदर झाले. हा द्रव उणे १६२ अंश सेल्सियस इतका थंड ठेवावा लागतो.

अशा संयंत्राची योजना कागदावर असते तेव्हा ते कधी चाललेलेच नसते. मग त्यातील कोणती नळी शंभर वर्षांत किती वेळा फुटेल याचा आकडा आणावा कोठून? सुटे भाग, म्हणजे झडपा, पंप, मापके, अन्यत्र वापरलेले असतात व त्यांच्या बिघाडाच्या नोंदी मिळतात. परंतु ते सर्व या विशिष्ट जागी, या खाऱ्या हवेत, एकमेकांशी जोडल्यावर काय होईल, हे नोंदीत सापडत नाही. येथे गुणात्मक रीत पुढे येते. तिचा एक प्रकार मला विशेष आवडतो, कारण तो मुळात व्याकरणाचा तास आहे. त्याला ‘हॅझॉप’ म्हणतात. इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत तो १९६० च्या दशकात आकारास आला आणि आता रासायनिक कारखान्यांत जगभर रूढ आहे.

त्याची पद्धत अशी. निरनिराळ्या खात्यांतील पाचसात जाणती माणसे नकाशा समोर ठेवून बसतात. नकाशावरील एकेक नळी घ्यावयाची आणि तिचे काम एका वाक्यात सांगावयाचे. उदाहरणार्थ, ‘या नळीतून वायू टाकीत जातो.’ मग त्या वाक्याला ठरावीक शब्द लावून पाहावयाचे: ‘नाही’, ‘अधिक’, ‘कमी’, ‘उलट’, ‘शिवाय आणखी काही’, ‘भलतेच काही’. वायू गेला नाही तर? अधिक गेला तर? उलट, टाकीतून नळीत आला तर? वायूबरोबर पाणी गेले तर? प्रत्येक प्रश्नाला तीन उपप्रश्न: हे कशाने होईल, झाले तर काय होईल, आणि ते थांबविण्यास आपल्यापाशी आज काय आहे? आपण वर्गात वाक्यपृथक्करण करतो, त्याहून यात फार निराळे काही नाही. एकही बेरीज न करता, निव्वळ शब्द बदलून विचारल्याने, जे कोणाच्या स्वप्नातही आले नसते असे धोके कागदावर येतात. आणि जो धोका सुचलाच नाही त्याची संभाव्यता काढणार कोण? संख्यात्मक रीतीचे सगळे गणित सुचलेल्या धोक्यांपुरतेच असते. म्हणून क्रमाने पाहता गुणात्मक रीत नेहमी आधी येते.

अशा बैठकीत एक मोठे वैगुण्य मात्र असते. गावच्या पंचायतीत पाटलाने आधी मत दिले की बाकीचे ‘बरोबर आहे’ म्हणून मोकळे होतात. साहेबांच्या बैठकीतही तेच होते. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील रँड या संस्थेत १९५० नंतर ‘डेल्फी’ नावाची रीत काढण्यात आली. तीत जाणकारांना एकत्र बसवीतच नाहीत. प्रत्येकाचे मत लेखी व निनावी घ्यावयाचे, सर्वांची मते सर्वांकडे फिरवावयाची, आणि मत बदलावेसे वाटते काय, हे पुन्हा विचारावयाचे. मोठ्या आवाजाचे वजन असे काढून टाकले म्हणजे मतांचे वजन उरते.

धोक्यांची यादी झाली की त्यांना क्रम लावावा लागतो, कारण सर्वांचा बंदोबस्त एकदम करणे कोणासच परवडत नाही. त्यासाठी एक चौकट आखतात. उभ्या बाजूस संभाव्यतेच्या पाच पायऱ्या, आडव्या बाजूस परिणामाच्या पाच पायऱ्या. एकूण पंचवीस घरे. वरच्या कोपऱ्यातील घरे तांबडी, मधली पिवळी, खालची हिरवी. चौकट पाहताच कोठे धावावयाचे ते कळते, आणि जो गणितापासून चार हात दूर राहतो त्यालाही कळते. एवढ्याकरिताच ती लोकप्रिय झाली आहे.

परंतु पुष्कळ ठिकाणी यापुढे एक पाऊल टाकतात, आणि तेथे पाय घसरतो. पायऱ्यांना १ ते ५ असे क्रमांक देऊन त्यांचा गुणाकार करतात. समजा, बांधकामास लागणारे सिमेंट आठ दिवस उशिरा येणे, हा एक धोका. त्याची संभाव्यता ५, परिणाम १; गुणाकार ५. वायूची मुख्य नळी फुटणे हा दुसरा. त्याची संभाव्यता १, परिणाम ५. गुणाकार पुन्हा ५. दोन्ही धोके सारखे झाले! हे पटण्याजोगे आहे काय? चूक अशी की हे आकडे मापे नव्हेत, ते अनुक्रम आहेत. वर्गातील पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाच्या मुलांत चाळीस गुणांचे अंतर असू शकते आणि दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकात एकाच गुणाचे. क्रमांकांचा गुणाकार करणे म्हणजे हजेरीपटावरील अंक एकमेकांनी गुणण्यासारखे आहे. शब्दांना आकड्यांचा अंगरखा घातल्याने ते आकडे होत नाहीत. गुणात्मक रीत वापरावयाची तर ती शब्दांची आहे हे उघडपणे कबूल करून वापरावी.

खरा गुणाकार कसा करतात ते आता पाहू. एखादा व्यापारी हजीऱ्याच्या रस्त्यावर गुदाम बांधीत आहे असे समजा. पुराचे पाणी शिरले तर ५० लाख रुपयांचा माल जाईल. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची संभाव्यता शंभरात एक आहे असे धरू. तर दरवर्षीचे अपेक्षित नुकसान ५० लाखांचा शंभरावा हिस्सा, म्हणजे ५०,००० रुपये. जोते उंच करावयास ६ लाख रुपये लागतात व गुदाम ३० वर्षे टिकावयाचे आहे. म्हणजे दरवर्षी २०,००० रुपये पडले. व्याजाचा हिशेब तूर्त बाजूला ठेवू. पन्नास हजार वाचविण्यास वीस हजार खर्च करणे केव्हाही शहाणपणाचे. परंतु पुराची संभाव्यता शंभरात एक नसून चारशेत एक असेल तर? मग अपेक्षित नुकसान वर्षास १२,५०० रुपयेच होते आणि जोते उंच करणे तोट्याचे ठरते. म्हणजे सर्व इमारत त्या एका अपूर्णांकावर उभी आहे. ‘मोठा धोका’, ‘लहान धोका’ या शब्दांनी हा निर्णय कधीही झाला नसता, हे संख्यात्मक रीतीचे सामर्थ्य. आणि तो अपूर्णांक चुकला तर निर्णय साफ उलटतो, हे तिचे दौर्बल्य.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग तुम्ही वर्तमानपत्रांत वाचला असेल. त्याइतका फसवा शब्दप्रयोग दुसरा क्वचितच असेल. ऐकणाऱ्यास वाटते की एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षे निश्चिंती! त्याचा अर्थ एवढाच की कोणत्याही वर्षी तो येण्याची संभाव्यता शंभरात एक आहे. मागल्या वर्षी तो आला होता काय, हे नदी लक्षात ठेवीत नाही. आपल्या व्यापाऱ्याच्या गुदामाला ३० वर्षांत असा पूर एकदा तरी गाठील याची संभाव्यता किती? एका वर्षी न येण्याची संभाव्यता ०.९९. तीसही वर्षे न येण्याची म्हणजे ०.९९ ला ०.९९ ने असे तीस वेळा मांडून गुणावयाचे; उत्तर सुमारे ०.७४ येते. तेव्हा निदान एकदा येण्याची संभाव्यता सुमारे ०.२६, म्हणजे चारात एकाहून किंचित अधिक. ‘शंभरात एक’ ऐकून जो स्वस्थ झोपला असता, तो ‘चारात एक’ ऐकून उठून बसेल. गोष्ट एकच आहे.

तापीच्या बाबतीत तो अपूर्णांक आणावयाचा कोठून? या नदीची हकीकत प्रत्येक सुरतकराने, आणि त्याहून प्रत्येक खानदेशी घराने जाणून घेतली पाहिजे. तापी मध्यप्रदेशात मुलताई येथे उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहते, आणि तिच्या पाणलोटाचा सुमारे चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. भुसावळ, जळगाव, नंदुरबारकडचा पाऊसच शेवटी सुरतेच्या चौकांतून वाहतो. १९६८ च्या ऑगस्टमध्ये जो महापूर आला त्याचा प्रवाह सेकंदास सुमारे १५ लाख घनफूट, म्हणजे १५ लाख क्युसेक, होता असे मानतात. नंतर १९७२ साली सोनगडजवळ उकाईचे धरण पुरे झाले. आता पूर अडेल, असे सर्वांस वाटले. आणि बहुतेक वर्षी तो अडलाही. पण १९९४ व १९९८ साली पाणी शहरात शिरले, आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये, ७ तारखेपासून पुढे, जे झाले ते आजही घरोघरी सांगितले जाते. उकाईतून सोडलेले पाणी ९ लाख क्युसेकच्या घरात गेले आणि शहराचा बहुतेक भाग जलमय झाला. हजीऱ्याकडील उद्योगांचीही मोठी हानी झाली.

नीट पाहा: १९६८ चे पाणी १५ लाख, २००६ चे ९ लाख. मग लहान पुराने अधिक नासाडी का केली? जोखमीच्या सूत्राला दोन अंगे आहेत, संभाव्यता आणि परिणाम. धरणाने पहिले अंग कमी केले यात शंका नाही. पण त्यामुळेच आलेल्या निश्चिंतीत दुसरे अंग वाढत गेले. १९७१ च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या पाच लाखांहून कमी होती. २००१ च्या जनगणनेत ती चोवीस लाखांवर गेली. नदीकाठच्या सखल जागेत घरे झाली, पात्र गाळाने व बांधकामाने आवळले गेले. एक अपूर्णांक लहान झाला आणि त्याच्या शेजारची संख्या कित्येक पटींनी मोठी झाली. शिवाय जुन्या पुरांच्या नोंदींवरून काढलेली संभाव्यता जुन्या नदीची होती. नदी बदलली की नोंदी इतिहासजमा होतात, मात्र त्यांतून निघालेला आकडा पूर्वीच्याच थाटात मिरवत राहतो. नाइटने सांगितलेली जोखीम अशी नकळत अनिश्चिततेत सरकते.

दुसरीही एक गोष्ट त्या वर्षी घडली. ९ ऑगस्ट २००६ या दिवशी श्रावणी पौर्णिमा होती, म्हणजे समुद्राला उधाणाची भरती. खंबायतच्या आखाताची भरती किती मोठी असते हे हजीऱ्याच्या मुलांना सांगावयास नको. वरून नदी येत होती आणि मुखाशी समुद्र तिला मागे रेटीत होता. प्रस्तुत लेखकाची मातृभाषा कोकणी; आमच्याकडे नारळी पौर्णिमेपूर्वी होड्या समुद्रात लोटू नयेत असा दंडक आहे. तो कोणी आकडेमोड करून बसवलेला नाही. पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव एका तिथीत गोठवून ठेवला आहे एवढेच; पण गुणात्मक जोखीम-मापनाचा याहून टिकाऊ नमुना मला ठाऊक नाही. धरणाच्या पाण्याचा हिशेब आणि भरतीचे कोष्टक ही दोन निरनिराळ्या खात्यांची कागदपत्रे आहेत. ती एकाच टेबलावर ठेवली पाहिजेत हे कोणत्याही सूत्रात लिहिलेले नसते. ते माणसाला सुचावे लागते.

धरण आधीच रिकामे करावयास हवे होते काय, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. येथे निकाल देण्याचा उद्देश नाही. प्रश्नाची रचना मात्र समजून घेण्याजोगी आहे. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट. ऑगस्टच्या आरंभी धरण भरून घ्यावे तर पुढे शेतीला पाणी व वीज यांची खात्री, पण महापूर आल्यास तो झेलावयास जागा नाही. रिकामे ठेवावे तर पूर झेलता येईल, पण पुढे पाऊस दडी मारून बसला तर कालव्याखालची शेते कोरडी. दोन्हीकडे जोखीम आहे आणि ती दोन निरनिराळ्या लोकांच्या अंगावर पडते. अशा ठिकाणी शब्दांनी भागत नाही. किती फूट, कोणत्या तारखेस, किती क्युसेक, हे आकड्यांनीच ठरले पाहिजे, आणि वरच्या अंगाला, हतनूरकडे, पाऊस किती झाला हे तासातासाला कळले पाहिजे. दोन लाख क्युसेक चार दिवस सोडणे आणि आठ लाख एकच दिवस सोडणे, यांत पाणी तेवढेच जाते. शहर मात्र एका प्रकारात वाचते आणि दुसऱ्यात बुडते.

याच्या नेमके उलट उदाहरण पानशेतचे. अंबी नदीवरील हे धरण अजून अपुरे होते. पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम पुरे व्हावयाचे होते, आणि तशातच १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिले गेले. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फुटले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण तगवून धरले, म्हणून ते रात्री न फुटता दिवसा फुटले आणि असंख्य जीव वाचले. आता, अपुऱ्या धरणात पहिल्याच पावसाळ्यात पाणी साठविण्याचा धोका जोखावयास कोणत्या गणिताची गरज होती? ‘काम अपुरे, पाऊस तोंडावर’ एवढे चार शब्द तांबड्या घरात लिहिले असते तरी पुरे होते. तेथे कोणी आकडा मागत बसला असता तर तो आकडा मिळेपर्यंत आषाढ उलटला असता.

आकड्यांचा एक मोह असा की ते नेमके दिसतात, आणि जे नेमके दिसते ते खरे वाटते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले व सात अंतराळवीर प्राणास मुकले. चौकशी-मंडळावर रिचर्ड फाइनमन हा थोर पदार्थवैज्ञानिक होता. त्याने विचारपूस केली, तेव्हा यान गमावण्याची संभाव्यता प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरात एकाच्या आसपास सांगत, तर व्यवस्थापक लाखात एक सांगत. फाइनमनने त्या लाखात एकाचा अर्थ साध्या भाषेत करून दाखविला: दररोज एक यान याप्रमाणे तीनशे वर्षे उड्डाणे केली तर त्यांत एकच गमवावे लागेल! असे म्हणताच त्या आकड्याचे हसू झाले. कोणताही अपूर्णांक समोर आला की तो असा दिवसांत, वर्षांत, माणसांत उलगडून पाहावा. भाषेच्या शिक्षकाचा गणिताच्या तासाला एवढा आगंतुक उपदेश चालून जावा.

विलंबाची जोखीम मोजण्याची एक सोपी युक्ती जाता जाता सांगतो. १९५८ साली अमेरिकेच्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ नावाची पद्धत काढली. तीत कामास किती दिवस लागतील असे एकच उत्तर विचारीत नाहीत, तीन विचारतात: सर्व सुरळीत झाले तर, सामान्यतः, आणि सर्व बिनसले तर. समजा, शाळेच्या कुंपणाच्या भिंतीस ही उत्तरे अनुक्रमे ४, ६ व १४ आठवडे अशी आली. मधल्या उत्तरास चारपट वजन देऊन सहाने भागावयाचे: ४ अधिक २४ अधिक १४, बरोबर ४२, भागिले ६, उत्तर ७ आठवडे. गवंडी सहा म्हणत होता. तो खोटे बोलत नव्हता. बिनसण्याची बाजू सुधारण्याच्या बाजूपेक्षा लांब असते, एवढेच त्याने धरले नव्हते. अशी शेकडो कामे एकमेकांत गुंतली की मग संगणकाकडून हजारो वेळा फासे टाकवून घेतात व किती वेळा काम मुदतीत पुरे झाले ते मोजतात. या रीतीस मोनॅकोतील जुगारगृहावरून ‘माँटे कार्लो’ नाव पडले. तिची कल्पना उलाम या गणितज्ञास १९४६ साली आजारातून उठत असताना, एकट्याने पत्ते खेळता खेळता सुचली. पास्कालच्या फाशांपासून येथवर या शास्त्राने जुगाराची संगत काही सोडलेली नाही.

अपेक्षित नुकसानाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. वर्षास ५०,००० रुपये ही सरासरी आहे. ज्या कंपनीची देशभर तीस गुदामे आहेत तिला ही सरासरी खरोखरच अनुभवास येते. एके ठिकाणी गेले तर एकोणतीस ठिकाणी वाचले. परंतु ज्या कुटुंबाचे एकच घर आहे, त्याला सरासरी कधीच भेटत नाही. त्याच्या वाट्यास एक तर काहीच जात नाही, नाही तर सर्वस्व जाते. २४ सप्टेंबर २०२० च्या पहाटे हजीऱ्याच्या वायुसंयंत्रात स्फोट होऊन आग लागली, तेव्हा तिच्या ज्वाळा दूरवरून दिसल्या. कोष्टकात अशा घटनेसमोर एक अतिशय लहान अपूर्णांक लिहिलेला असतो, आणि बहुधा तो बरोबरही असतो. पण कुंपणाबाहेरच्या खेड्यातील माणूस त्या पहाटे मुलांना उचलून बाहेर धावतो, तो त्या अपूर्णांकाइतका धावत नाही. म्हणून परिणामाच्या रकान्यात रुपयांच्या खाली आणखी एक ओळ हवी: हे कोणावर पडणार, आणि त्याला ते विचारले आहे काय? या ओळीत आकडा बसत नाही. तेथे वाक्यच लिहावे लागते.

आता थोडा घरचा अभ्यास. आपल्या शाळेचे स्नेहसंमेलन हाच एक प्रकल्प समजा. चारचार जणांचे गट करा. प्रथम ‘मंडपात वीज येते’ हे वाक्य घेऊन त्याला ‘नाही’, ‘कमी’, ‘अधिक’ व ‘भलतेच काही’ हे शब्द लावा आणि काय काय होऊ शकेल ते लिहा. प्रत्येकाने आपले मत आधी चिठ्ठीवर लिहावे, मग बोलावे. नंतर पुढील उदाहरण सोडवा: एखाद्या वस्तीत पाणी शिरेल असा पूर येण्याची संभाव्यता दरवर्षी पन्नासात एक आहे. इयत्ता पहिलीत आलेला मुलगा दहा वर्षांनी शालान्त परीक्षेस बसेपर्यंत त्या वस्तीत निदान एकदा पाणी शिरण्याची संभाव्यता किती? ०.९८ ला ०.९८ ने असे दहा वेळा मांडून गुणा व उत्तर एकातून वजा करा. ते सुमारे ०.१८ यावयास हवे. मग घरी जाऊन वडीलधाऱ्यांना विचारा, २००६ साली आपल्या दारात पाणी कोठपर्यंत आले होते, आणि भिंतीवरील ती खूण फूटपट्टीने मोजून वहीत लिहून आणा.